फळ्याचा डावा कोपरा

वाचकहो, तुमचा मुलगा शाळेत कोठे बसतो, हे तुम्ही त्याला कधी विचारले आहे काय? कितवा नंबर आला ते विचारता, मास्तर मारतात का तेही विचारता. पण बसतो कोठे, आणि दाराबाहेर कोण बसते, हे विचारल्याचे मला तरी ऐकिवात नाही. आधी सदुमास्तरांची हकीकत ऐका, मग विचारा.

सदाशिवपंत आमच्या ठाण्याच्या खाजगी इंग्रजी शाळेत गणित आणि व्याकरण शिकवीत. शाळेचे नाव लिहीत नाही. पाटीवर ते इतक्या मोठ्या अक्षरांत आहे की माझी गरज नाही. मास्तरांची अंगकाठी एवढी बारीक, की लांबून नुसती पगडी आणि छत्री चालत येताना दिसे आणि दोहोंच्या मध्ये कोणी आहे हे जवळ आल्यावर कळे. छत्री बाराही महिने बरोबर असायची. ती पावसात उघडलेली कोणी पाहिली नाही. "भिजून खराब होईल," असे ते म्हणत. तिच्या टोकाने ते नकाशावरच्या नद्या दाखवीत, कुत्री हाकलीत आणि झोपलेल्या मुलाच्या बाकावर टकटक करीत.

दुसरी गोष्ट तपकीर. चिमूट ओढली की थोड्या वेळाने अशी शिंक येई की शेजारच्या वर्गातले मुलगे पाढा म्हणता म्हणता थांबत. आळीतली माणसे बाहेर निघण्यापूर्वी मास्तर ओटीवर आहेत का ते पाहून घेत. लग्नाची बोलणी करायला निघालेली तीन घरे त्यांच्या शिंकेने परत फिरली, असे त्यांच्यावर बालंट होते. मास्तर म्हणत, "लग्ने मोडली त्याचे पाप तपकिरीला. टिकली त्यांचे कोणाला?"

तिसरी गोष्ट आम्हां मुलांच्या चेष्टेची. वर्गातला फळा चांगला लांबरुंद होता, पण मास्तर लिहीत ते सगळे डाव्या कोपऱ्यात. मुंग्यांची रांग चालावी तशी अक्षरे. अख्खे त्रैराशिक हातभर जागेत बसवीत. उरलेला फळा काळाभोर, कोरा. मागच्या बाकावरून काही दिसत नसे. आम्ही म्हणत असू, मास्तर खडूचे चिक्कू आहेत. एकाने तर फळ्याच्या कोऱ्या भागावर "ही जागा भाड्याने देणे आहे" असे लिहून ठेवले होते. मास्तरांनी ते वाचले, पुसले नाही, आणि पुन्हा डाव्या कोपऱ्यात लिहू लागले.

आणि त्यांचे पालुपद. काहीही घडो, मास्तर पगडी किंचित मागे सारून विचारीत, "नियम काय म्हणतो?"

ते सुधारक मुळीच नव्हते. हे आधीच सांगतो, कारण मी लिहितो म्हटल्यावर लोकांना तसे वाटेल. त्या दिवसांत माझ्या दप्तरात पुस्तकांपेक्षा सुधारणेची चोपडी जास्त असत. मनुष्यमात्राच्या समानतेवरचे एक चोपडे मी मोठ्या आवेशाने मास्तरांना वाचायला दिले. दुसऱ्या दिवशी ते परत आले. पानोपानी तांबडी शाई. "विचार काय आहे ते मला कळत नाही," मास्तर म्हणाले, "पण या गृहस्थाला लिहायला शिकवा. इतक्या आरोळ्या कशाला? माणूस घसा बसेपर्यंत ओरडला की दमतो, आणि दमला की घरी जाऊन जेवतो."

मला त्यांचा राग आला. मी खरेच घरी जाऊन जेवलो.

आता लखूविषयी सांगितले पाहिजे. लखू कोपरीच्या महारवाड्यातला. त्याचे वडील भिवनाक हवालदार पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. मुलाला घेऊन ते शाळेत आले ते छातीवर पदके लावून आणि कोण्या कर्नलाचे पत्र हातात धरून. पत्र इंग्रजीत होते, म्हणून चालक मंडळींना नाही म्हणवेना. मुलगा महार होता, म्हणून हो म्हणवेना. तेव्हा शाळेचे अध्यक्ष रावसाहेब, जे धंद्याने वकील, त्यांनी तोड काढली: नाव पटावर घ्यावे, मुलगा पडवीत बसावा. पत्राचाही मान राहिला, धर्माचाही. वर्गाला पडवीकडे एक खिडकी होती. तिच्याखाली पोते टाकून लखू दोन वर्षे बसत होता.

असे सगळे सुरळीत चालले असताना शाळाखात्याचा एक नवा साहेब जिल्ह्यात आला. विलायतेत शिकत असता तो रगबी नावाचा खेळ खेळलेला होता. त्याने ठाण्याच्या आणि कल्याणच्या, अशा दोन्ही खाजगी शाळांना लिहिले, की हिंदी मुलांत मर्दुमकी कमी आहे, तरी पंधरा-पंधरा मुलांची म्याच व्हावी; जिंकेल त्या शाळेला मी चांदीची ढाल देईन.

ठाणे आणि कल्याण यांच्या शाळांचे वैर जुने. त्यांनी घंटा आणली की आम्ही मोठी घंटा आणायची, आम्ही शाळेसमोर बाग केली की त्यांनी बागेत कारंजे करायचे. कारंज्याला पाणी नव्हते, पण कारंजे होते. तेव्हा रगबी म्हणजे काय हे दोन्ही गावांत कोणालाही ठाऊक नसताना ती दुसऱ्यापेक्षा चांगली खेळण्याचा निश्चय दोन्ही गावांत एकाच दिवशी झाला.

साहेबाने नियमांचे पुस्तक पाठवले होते. नियम म्हटल्यावर काम सदुमास्तरांकडे आले. त्यांनी तीन दिवसांत त्याचे मराठी केले आणि आम्हांला घोकायला लावले. आठवड्याने आम्ही सगळे नियम एका दमात म्हणू लागलो. मग शाळेमागच्या पटांगणात मास्तरांनी चेंडू टाकला आणि छत्री खाली केली. पंधरा मुलगे चेंडूभोवती कडे करून उभे राहिले. कोणी उचलीना.

"उचला रे!" मास्तर ओरडले.

"मास्तर, चामड्याचा आहे," एकजण म्हणाला.

ही अडचण पुस्तकात नव्हती. मास्तर गावातल्या वृद्ध शास्त्रीबुवांकडे गेले आणि विचारले, की चामड्याला शिवलेल्या मुलाने घरी येऊन सचैल स्नान केले तर भागेल ना? भागेल. मग त्याच दुपारी तो आणखी कशाला शिवला तर त्याला दुसरे स्नान लागेल काय? शास्त्रीबुवा म्हणाले, "छे, एका विटाळाला एक आणि दोहोंनाही एकच." मास्तरांनी ते कागदावर लिहून घेतले आणि खाली शास्त्रीबुवांची सही घेतली. हा कागद पुढे किती उपयोगी पडायचा आहे हे शास्त्रीबुवांना ठाऊक नव्हते. मास्तरांना होते, असा माझा आता पक्का समज आहे.

कारण त्याच आठवड्यात दोन मुलांच्या आईबापांनी हा खेळ कुस्तीपेक्षा वाईट म्हणून मुले काढून घेतली. राहिली तेरा. मास्तरांनी इकडून तिकडून एक मिळवला. चौदा. म्याचला पंधरा हवेत. मास्तर रावसाहेबांकडे गेले तेव्हा हजेरीपट धरायला म्हणून मला बरोबर नेले होते.

"पटावर नाव असलेला एक मुलगा शिल्लक आहे," मास्तर म्हणाले.

"कोण?"

"लक्ष्मण भिवनाक."

रावसाहेबांच्या हातचा विडा खाली पडला. "मास्तर, डोके ठिकाणावर आहे ना?"

"नियम काय म्हणतो? शाळेचा विद्यार्थी पाहिजे. पटावर नाव कोणी घातले? आपण. बरे, तो पलटणीच्या छावणीत वाढलेला. गोरे शिपाई हा खेळ खेळताना त्याने पाहिला आहे. आमच्यांत पाहिलेला तो एकटाच. नाही तर ढाल कल्याणला जाईल."

शेवटचे वाक्य बरोबर जागी लागले. रावसाहेबांनी शास्त्रीबुवांचा कागद दोनदा वाचला. "बरे. पण त्या बदल्यात तुम्हांला काय पाहिजे? तुमच्या तोंडावर दिसते आहे."

"ढाल आली तर मुलगा वर्गात बसेल. मागच्या बाकावर, एकटा, जसे आपण म्हणाल तसे. पण आत. फळ्यासमोर. दोन वर्षांनी त्याला म्याट्रिकला बसायचे आहे."

रावसाहेब हसले. कल्याणला हरवायचे या कल्पनेने ते फार उदार झाले होते. त्यांनी तसे लिहून सही केली. मास्तरांनी कागद घडी करून पगडीत ठेवला.

मग लखू पडवीतून पटांगणात आला. येताच हसू लागला. "मास्तर, असं न्हाई. असं खाली वाकायचं, कंबर धरायची आन् पाडायचं. गोऱ्यांचा बेंडबाजावाला पण माझ्या बाला एकदा असा पाडून गेलता!" पण पाडून दाखवायचे कोणाला? आम्ही चौदाही जण चार पावले मागे सरलो. त्यांत मी होतो. समानतेचे चोपडे त्या वेळी माझ्या कोटाच्या खिशात होते.

लखू वळला आणि कडेला रचलेल्या पेंढ्याच्या गंजीवर धावत जाऊन मिठी मारून त्याने तीच पाडली. महिनाभर आम्ही असेच शिकलो. तो गंजी पाडी, मास्तर तिच्यावर पाण्याचा शिंतोडा मारीत, मग आम्ही पाडू. एवढी पवित्र गंजी त्या जिल्ह्यात दुसरी नसेल.

म्याच ठाकुर्लीजवळच्या एका शेतात झाली, दोन्ही गावांच्या मध्ये. भात कापून झालेले, पायांना टोचणारी खुंटे उभी, आणि चारी बाजूंचे बांध हीच मैदानाची हद्द. समोरच्यांच्या बांधापलीकडे चेंडू टेकवला की गुण. दोन्ही गावांतली प्रतिष्ठित मंडळी जाजमांवर बसली होती. साहेब खुर्चीवर. भिवनाक हवालदार पदके लावून लांबच्या आंब्याखाली उभे. पंच म्हणून मास्तर, आणि शिटी कोणाजवळ नव्हती म्हणून ठरले, की मास्तर शिंकले की खेळ थांबवायचा.

कल्याणची मुले आमच्यापेक्षा धष्टपुष्ट होती. पहिल्या घटकेत त्यांनी आम्हांला खुंटांत लोळवले. मग कोणी तरी घोळक्यातून चेंडू मागे फेकला आणि तो लखूच्या हाती आला.

लखू धावला. समोरून कल्याणची तीन मुले आली, त्याच्यापासून हातभर अंतरावर पोचली, आणि एकदम बाजूला सरली. भर बाजारात मारकी म्हैस सुटल्यावर लोक सरतात तशी. लखूने बांधापलीकडे चेंडू टेकवला. आमच्या जाजमावर टाळ्या.

पुन्हा चेंडू त्याच्याकडे. पुन्हा वाट मोकळी. कल्याणजवळ शास्त्रीबुवांचा कागद नव्हता ना! चेंडूचे चामडे त्यांनी कसेबसे पचवले होते, पण तो चेंडू धरणारे माणूस त्यांना पचेना.

साहेब खुर्चीतून उठला. "पकडो उसको! क्यूँ नहीं पकडता?"

कल्याणचे हेडमास्तर धावत आले. साहेबाला खरे कसे सांगावे? "साहेब, मुलगा फार चपळ आहे," ते म्हणाले.

त्या वेळी लखू चालत होता. धावायचे त्याने केव्हाच सोडले होते. चेंडू काखेत धरून, कल्याणच्या पंधरा मुलांमधून, तो सावकाश चालत बांधाकडे निघाला होता.

शेताचा मालक, एक आगरी म्हातारा, बांधावर उकिडवा बसून पाहत होता. तो मोठ्याने म्हणाला, "यो पोर येकलाच खेलतंय. बाकीची कनाला आलीत, माझी खुंटा मोजाला?"

बांधापाशी लखू थांबला. वळला. चेंडू दोन्ही हातांत समोर धरून तो उभा राहिला. सगळे ओरडू लागले, टेकव, टेकव! तो टेकवीना. वाट पाहत राहिला. मग मास्तरांकडे बघून म्हणाला, "मास्तर, हे मला पाडत का न्हाईत?"

त्या एका प्रसंगी नियम काय म्हणतो हे मास्तरांनी विचारलेले मी ऐकले नाही. लखूने खाली पाहिले आणि चेंडू टेकवला.

खेळ संपायला थोडा अवकाश असताना एक अघटित घडले. कल्याणच्या बाजूला गणू नावाचा एक जाडा मुलगा होता. हरत आलो या संतापाने त्याचे भान सुटले. लखू येताना दिसला, तोच गणूने मुंडी खाली घातली आणि कंबर धरून त्याला असा आपटला की दोघेही खुंटांत लोळत गेले. गणू उठून आपल्या हातांकडे पाहू लागला. आणि लखू, तोंडभर माती, पायाचा घोटा धरून, खो खो हसत होता.

"झकास पाडलंस रे!"

"ध्यानात राहिलं नाही माझ्या," गणू रडवेला होऊन म्हणाला. मग विचारले, "लागलं का तुला?"

लागले होते. घोटा मुरगळून सुजत होता, लखूला उभे राहवेना. मास्तर जोरात शिंकले. खेळ थांबला. मग ते आमच्याकडे वळले.

"नियम काय म्हणतो?"

आम्हांला पाठ होते. आम्ही चौदा जणांनी एका सुरात म्हटले, "जखमी खेळाडूस त्याच्या पक्षाच्या खेळाडूंनी उचलून हद्दीबाहेर न्यावे."

आणि कोणी हलले नाही. शास्त्रीबुवांचा कागद होता, स्नान तर घरी करायचेच होते. तरी कोणी हलले नाही. मास्तरांनी आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिले. माझ्याकडे जरा जास्त वेळ. मग त्यांनी छत्री माझ्या हातात दिली, धोतराचा काचा मारला आणि त्या काडीसारख्या माणसाने आपल्याहून वजनदार पोराला पाठीवर घेतले. पगडी खाली पडली. त्यांना बिनपगडीचे मी तेव्हाच पाहिले. अडखळत, पायांत खुंटे टोचून घेत, ते त्याला आंब्यापर्यंत घेऊन गेले. हवालदारांनी त्यांना पलटणीतला खडा सलाम केला.

परतताना जाजमावरून कोणी विचारले, "मास्तर, आता स्नान केव्हा करणार?"

"रोज करतो तेव्हा. उद्या सकाळी."

ढाल आमची झाली. कल्याणच्या मंडळींनी तक्रार केली, की हे जिंकणे नव्हे. त्या मुलाला कोणी अडवलेच नाही. आमचे रावसाहेब ताडकन उठले. "अडवायला कोणी मनाई केली होती? जिंकले ते जिंकले!" ठाण्यात ढालीची वाजतगाजत मिरवणूक निघाली. लखू घोट्यामुळे आला नव्हता. आला असता तरी कोठे चालला असता हा प्रश्न त्यामुळे टळला. ढाल वर्गात, बरोबर फळ्याच्या वर, टांगली गेली.

सोमवारी मास्तरांनी पगडीतून कागद काढला. रावसाहेबांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मुलाने ढाल जिंकली तर, असा याचा आशय. पण तो जिंकला कोठे? त्याला कोणी अडवलेच नाही!"

कल्याणकरांचा जो मुद्दा शनिवारी खोटा होता तो सोमवारी ठाण्यात खरा ठरला. मध्ये एक रविवार गेला होता, एवढाच फरक. चांदीची ढाल आत गेली. ती आणणारा पडवीत राहिला.

मी त्याच दिवशी एक जळजळीत लेख लिहून मास्तरांना दाखवला. त्यांनी तांबडी शाई घेतली नाही. "चांगला लिहिला आहेस," म्हणाले. "आता जेवायला जा." आणि वर्गात जाऊन डाव्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग काढू लागले.

वर्षभराने चालक मंडळींनी त्यांना काढले. पाठीवर कोणाला घेतले हे कारण कागदावर कसे लिहिणार? तेव्हा लिहिले, की सदाशिवपंतांचे हस्ताक्षर अति बारीक व कोंदट असल्याने वर्गाचे नुकसान होते.

शेवटच्या दिवशी त्यांनी आम्हांला एक लांबलचक गणित घातले, सवयीप्रमाणे कोपऱ्यात. तास संपला. मुले गेली. निरोप घ्यावा म्हणून मी पडवीत त्यांची वाट पाहू लागलो. शाळेच्या पाण्याला त्याला शिवता येत नसे, म्हणून लखू तांब्या घेऊन घरी पाणी आणायला गेला होता, त्याचे पोते रिकामे होते. पाय दुखत होते म्हणून मी सहज त्यावर टेकलो आणि वर खिडकीकडे पाहिले.

खिडकीतून फळ्याचा डावा कोपरा दिसत होता. तेवढाच. हातभर. पहिल्या अक्षरापासून उत्तराखालच्या दोन रेघांपर्यंत सबंध गणित त्या चौकटीत बसले होते. एक आकडासुद्धा बाहेर नव्हता. तीन वर्षे ज्याला आम्ही खडूची चिक्कूगिरी म्हणत होतो ते हे होते.

मास्तर बाहेर आले. मी कोठे बसलो आहे ते त्यांनी पाहिले. माझ्या बाजूला छत्रीने जमिनीवर दोनदा टकटक केले, झोपलेल्या मुलाच्या बाकावर करीत तसे, आणि स्टेशनच्या रस्त्याला लागले. पगडी आणि छत्री लहान लहान होत गेली. वळणावर एक शिंक ऐकू आली. तांब्या घेऊन परत येणारा लखू फाटकातच थबकला, खेळ थांबल्यावर थबकायचा तसा. पुन्हा सुरू करा, असे सांगायला मात्र कोणी नव्हते. त्यानंतर मास्तर मला दिसले नाहीत.

नवे मास्तर आले आहेत. त्यांचे अक्षर मोठे, टपोरे आणि सुंदर आहे. ते सबंध फळाभर लिहितात. चालक मंडळी फार खूश आहेत. लखूला खिडकीतून आता प्रत्येक गणिताची सुरुवात दिसते, शेवट दिसत नाही. त्याची म्याट्रिकची परीक्षा याच वर्षी आहे.

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांची मुले त्या वर्गात आहेत. मी तुम्हांला सभा भरवायला सांगत नाही, चोपडे विकत घ्यायलाही सांगत नाही. एकच करा. येत्या सोमवारी मुलाला शाळेत पाठवताना त्याच्या काखेत एक पोते द्या आणि सांगा, की आज पडवीत बस, लखूशेजारी. चाळीस मुले बाहेर बसली, की ज्यांना शिकवायचे आहे त्यांना फळा बाहेर आणावाच लागेल. आणि संध्याकाळी मूल घरी आले, म्हणजे त्याला विचारा, की आज तू कोठे बसलास?